मुलांचा कवी शाळेत येतो, त्याच्या मानधनाचं काय?

ऑक्टोबर उजाडला की कोकणात मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसांचे फोन वाजायला लागतात. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती आपलं राज्य 2015 पासून या नावानं साजरी करतं, आणि त्या दिवशी प्रत्येक शाळेला एक लेखक हवा असतो. “सर, आमच्याकडे याच. पोरांना दोन कविता म्हणून दाखवा, वाचनाचं महत्त्व सांगा.” सर येतात. पदरचे पैसे घालून एसटी पकडतात, नाहीतर पावसानं उखडलेल्या घाटरस्त्यावरून दुचाकी हाकतात. तासभर मुलांना हसवतात, गायला लावतात. शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी बातमी लागते. आणि शाळेतलं पुस्तकांचं कपाट पुन्हा कुलूपबंद होतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. मुलांना वाचनाकडे वळवणं हे काम आहे. त्याला तयारी लागते, कसब लागतं, वेळ द्यावा लागतो. हे काम करणाऱ्या कवी-लेखकाला सार्वजनिक पैशातून ठरलेलं मानधन मिळालं पाहिजे, आणि त्याच्याकडून ते वर्षभर करून घेतलं पाहिजे. ही सुरुवात कोकणातून व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि ते केवळ मी इथला आहे म्हणून नाही.

या किनाऱ्यानं मुलांच्या मराठी साहित्याला जे दिलं ते थोडंथोडकं नाही. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ सगळ्यांना ठाऊक असतं, पण मुलांना मराठीतून शिकता यावं म्हणून सोपी पुस्तकं लिहिणाऱ्या अगदी पहिल्या पिढीतलेही ते होते. दापोली तालुक्यातल्या पालगडला साने गुरुजी जन्मले. देवगड तालुक्यातल्या धालवलीला 1918 साली विंदा करंदीकर, वेंगुर्ल्याला 1929 साली मंगेश पाडगावकर. पाऊस पडून शाळेला सुट्टी मिळेल का, हे पाडगावकरांच्या भोलानाथाला विचारल्याशिवाय मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांचा पावसाळा सुरूच झाला नाही.

विंदांजवळ जरा थांबावंसं वाटतं. ‘राणीची बाग’ हा त्यांचा मुलांसाठीचा संग्रह 1961 मध्ये आला आणि पुढे तीसेक वर्षं ते मुलांसाठी लिहीत राहिले. मोठ्यांच्या कवितेत ज्यांनी भाषा वाकवली, ताणली, तिच्याशी झोंबी घेतली, तेच विंदा मुलांसाठी लिहिताना जराही खाली वाकून बोलत नाहीत. त्यांच्या बालकवितेत प्राणी आहेत, भुतं आहेत, उलटीपालटी दुनिया आहे. उपदेश जवळजवळ नाहीच. 2003 सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं तेव्हा त्यांच्या गंभीर कवितेवर भरभरून लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण मुलांच्या कवितेसाठी या माणसानं दिलेल्या वर्षांचा हिशेब तेव्हाही कुणी फारसा मांडला नाही. ही आपली जुनी सवय आहे. मोठ्यांसाठी लिहिलं ते साहित्य, आणि मुलांसाठी लिहिलं ते फावल्या वेळेत केलेलं गोड काम, असं आपण धरून चालतो.

आणि ते खरोखरच फावल्या वेळेत करावं लागलं. विंदा इंग्रजीचे प्राध्यापक होते. पाडगावकरांनी आकाशवाणीत आणि नंतर अमेरिकन माहिती खात्यात नोकरी केली. बालकवितेवर कुणाचीच चूल पेटत नव्हती. आजही तेच आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्यांची यादी काढा, निम्म्याहून अधिक नावं शिक्षकांची निघतील. 2023 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार ‘छंद देई आनंद’ या कवितासंग्रहासाठी मिळवणारे एकनाथ आव्हाड हेही मुंबईतले शिक्षकच. हा पुरस्कार 2010 मध्ये सुरू झाला. रक्कम 50,000 रुपये. ज्यांना तो मिळतो त्यांचा मला आनंदच आहे, पण वर्षाला एका मराठी लेखकाला मिळणाऱ्या पुरस्कारावर वाचनप्रसार उभा राहत नसतो.

पुस्तकातून काय मिळतं तेही बघू. मुलांच्या पुस्तकाची किंमत शंभर रुपये धरली आणि मानधन दहा टक्के, तर प्रतीमागे लेखकाच्या हातात दहा रुपये येतात. हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर दहा हजार. मुलांच्या पुस्तकाला रंगीत चित्रं लागतात, जाड कागद लागतो, म्हणजे छपाईचा खर्च वाढतो आणि पालकांना किंमत मात्र कमी हवी असते. कात्री लागते ती लेखकाच्या आणि चित्रकाराच्या वाट्याला. कितीतरी जण पदरमोड करून पुस्तक काढतात आणि शाळेत गेल्यावर पिशवीतल्या प्रती मुलांना वाटून मोकळे होतात. मी अशा माणसांना जवळून ओळखतो. त्यांच्या घरच्यांनाही ओळखतो, आणि या वाटपाचा भार घरात कोण उचलतं तेही मला दिसतं.

आता कोकणच आधी का, ते सांगतो. आमच्याकडे गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नसते. डोंगरउतारावर, खाडीकाठी, कातळावर विखुरलेल्या वाड्या असतात. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत दहा-पंधरा मुलं, दोन शिक्षक, कधी एकच. तालुक्याच्या बाजारपेठेत पुस्तकाचं दुकान म्हणून जे असतं तिथे वह्या, गाईडं आणि दिवाळीत दिवाळी अंक. मुलानं हातात घेऊन चाळावं असं गोष्टीचं पुस्तक मिळणारं दुकान बऱ्याच तालुक्यांत नाहीच. वडील मुंबईला, घरात आई आणि आजी, आणि घरात छापील असं काय, तर कालनिर्णय आणि पोथी. अशा मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाबाहेरचं पुस्तक पडायचं ते शाळेतूनच. शाळेतूनही पडलं नाही तर कुठूनच नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलं आहे. कायदा 2009 चा. समग्र शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत तरतूदही आहे. म्हणजे पुस्तकं शाळेत पोचतच नाहीत असं नाही. पोचतात आणि कपाटात जातात. याचा दोष शिक्षकांवर टाकणं सोपं आहे. मी टाकणार नाही, कारण ते कपाट बंद का राहतं हे मी पाहिलं आहे. पुस्तक आलं की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमस्वरूपी वस्तूंच्या वहीत, नोंद होते. खुर्ची, टेबल, घंटा आणि गोष्टीचं पुस्तक एकाच वहीत. मुख्याध्यापकाची बदली झाली की एकेक वस्तू मोजून चार्ज द्यायचा. पुस्तक फाटलं, हरवलं, भिजलं तर उत्तर त्यांनी द्यायचं. ते कमी करून टाकायला निर्लेखनाचा प्रस्ताव करा, वर पाठवा, मंजुरीची वाट पाहा. त्यात आमचा पावसाळा. जूनपासून चार महिने हवेतच इतकी ओल असते की कपाटातल्या पुस्तकालाही बुरशी धरते, आणि भिंतीला लागून असेल तर वाळवी सोडत नाही. कपाटात पुस्तक कुजलं तर कुणी विचारत नाही, मुलाच्या दप्तरात फाटलं तर विचारतात. मग शहाणा मुख्याध्यापक काय करील?

देवगड तालुक्यातल्या एका वाडीवर माझ्या परिचयाच्या एका कवीसोबत गेलो होतो. चौथीपर्यंतची मुलं एकाच वर्गात बसलेली. त्यांनी पहिली कविता पुस्तकी मराठीत म्हटली, मुलांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, पहिल्या पावसात व्हाळात (ओढ्यात) काय चढतं? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “मासे!” मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “माझो बापूस बॅटरी घेवन जाता रातचो.” कवींनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. आपलं बोलणं फळ्यावर लिहिलं जातं हे त्या मुलानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग पुढची ओळ कोण देणार? कुर्ल्या आल्या, बेडूक आले, भिजल्याबद्दल आजीनं घातलेल्या शिव्या आल्या. त्या आजीपाशी सगळा वर्ग हसून लोळला. अर्ध्या तासात फळ्यावर आठ ओळींची कविता उभी राहिली आणि मुलांनी ती तालात म्हटली. मग पिशवीतली पुस्तकं सतरंजीवर पसरली. “कुठलंही घ्या, नाही आवडलं तर परत ठेवा.” एका मुलीनं चार पुस्तकं उघडून ठेवून दिली, पाचवं घेतलं आणि खिडकीत जाऊन बसली. खिचडीची घंटा झाली तरी उठेना. बाईंना तिची समजूत काढावी लागली.

हे दोन तास म्हणजे करमणूक नव्हती. कोणती कविता आधी म्हणायची, ती कुठे सोडून द्यायची, मुलाच्या बोलीला कसं आत घ्यायचं, पुस्तकं कपाटाऐवजी जमिनीवर का पसरायची, या प्रत्येक गोष्टीमागे त्या माणसाची वीस-पंचवीस वर्षांची समज होती. निघताना मुलांनी विचारलं, परत कधी येणार? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकंही पिशवीत परत भरली, कारण ती त्यांची स्वतःची होती आणि पुढच्या शाळेत लागणार होती. मुलांनी वाचनाची गोडी नुकती जिभेवर घेतली होती, आणि ती पुढे टिकवायला त्या शाळेत काहीच उरलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो भावनेचा. हे सेवेचं काम आहे, त्यात पैसा आणू नका. साने गुरुजींनी कधी मानधन मागितलं का? साने गुरुजींचं नाव घेणाऱ्यांनी त्यांचं अमळनेरचं काम नीट वाचावं अशी माझी विनंती आहे. गुरुजी तिथे शाळेत शिक्षक होते, पगारी शिक्षक. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक! मुलं सकाळी उठत तेव्हा त्यांच्यासाठी लिहिलेला ताजा मजकूर वाचायला तयार असे. गुरुजींच्या त्यागाबद्दल मला अपार आदर आहे, पण त्यांच्या मुलांना वाचनाचं वेड लागलं ते रोजच्या सहवासातून. वर्षातून एकदा येऊन गेलेल्या पाहुण्याकडून ते लागलं नसतं. आपल्याला गुरुजींचा वारसा चालवायचा असेल तर त्यांचं सातत्य घ्यावं लागेल, आणि सातत्य फुकटात मागता येत नाही. मंडप घालणाऱ्याला, ध्वनिक्षेपक लावणाऱ्याला, चहा-वडा देणाऱ्याला आपण त्याच कार्यक्रमात पैसे देतो. ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे त्याच्याकडूनच तेवढी सेवेची अपेक्षा का करायची?

फुकटपणाचा आणखी एक तोटा आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. फुकट आलेल्या माणसाला दर्जा विचारता येत नाही. यमक जुळलं की बालकविता झाली असं समजून लिहिणारे पुष्कळ आहेत. झाडे लावा, पाणी वाचवा, मोबाईल सोडा, आईबाबांचं ऐका. मुलं ऐकतात, टाळ्या देतात आणि विसरतात. पुस्तक म्हणजे आणखी एक उपदेश, ही समजूत मात्र पक्की होते. अशा एका कार्यक्रमानं वाचनाचं भलं होण्याऐवजी नुकसानच होतं. मानधन द्यायचं ठरलं तर निवड करता येईल, मुलांसमोर कसं काम होतं ते पाहता येईल, पुढच्या वर्षी नको म्हणता येईल.

दुसरा आक्षेप मोबाईलचा. तो मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात फारसा दम नाही. ज्या मुलापुढे पुस्तक आलंच नाही त्यानं पुस्तक सोडून मोबाईल घेतला असं म्हणता येत नाही. उलट पाठ्यपुस्तक मंडळाच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक आज फोनवर मोफत वाचता येतात. ते तिथे आहेत हे सांगणारं, त्यातली एखादी गोष्ट वाचून दाखवणारं माणूस मात्र हवं.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि त्याला आकड्यांनीच उत्तर दिलं पाहिजे. माझी सूचना अशी आहे. प्रत्येक तालुक्यासाठी एका वर्षापुरता एक बाललेखक नेमावा. तो तालुक्यातल्या एखाद्या चांगल्या सार्वजनिक वाचनालयाशी जोडलेला असावा. त्यानं ठरावीक केंद्रांतल्या शाळांत महिन्यातून एकदा जावं, दरवेळी त्याच शाळांत, म्हणजे मुलांना त्याची आणि त्याला मुलांची ओळख होईल. पुस्तकांची पेटी वाचनालयानं द्यावी आणि ती शाळेत महिनाभर राहावी. महिना 25,000 रुपये मानधन धरलं तर वर्षाला तीन लाख. प्रवास आणि पुस्तकं मिळून आणखी एक लाख. रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके, सिंधुदुर्गात आठ. सतरा तालुक्यांचे झाले 68 लाख. दोन जिल्ह्यांचे वार्षिक आराखडे शेकडो कोटींचे असतात. त्यातून 68 लाख निघत नाहीत असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी हुज्जत घालायला तयार आहे.

वाचनालयांची परंपराही आमच्याकडे तयार आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. 22 जुलै 2021 च्या महापुरात त्याच्या पुस्तकांचा चिखल झाला आणि तरी कार्यकर्त्यांनी ते पुन्हा उभं केलं. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण इथेही जुनी वाचनालयं आहेत. त्यांच्याकडे पुस्तकं आहेत, जागा आहे, हिशेब ठेवायची सवय आहे. वाडीवरच्या मुलापर्यंत जाणारा माणूस मात्र नाही, कारण अनुदानात कर्मचाऱ्याचा पगारच कसाबसा निघतो. 1967 च्या आपल्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही. कर्नाटकात तो मालमत्ता कराबरोबर घेतला जातो. आमच्या बांद्याच्या नाक्यापलीकडे गोव्यानं 1993 च्या कायद्यात मद्यावर तो बसवला. आपण काहीच का करू नये, हे मला कळत नाही. लेखकाला मोबदला देण्याची गोष्ट तर जगात जुनीच आहे. ग्रंथालयांत ठेवलेल्या पुस्तकांपोटी लेखकांना सरकारनं पैसे द्यायचे, ही पद्धत डेन्मार्कनं 1946 मध्ये सुरू केली, ब्रिटननं 1979 मध्ये तसा कायदा केला.

सरकार हलेपर्यंत गावाला काही करता येईल का? येईल. आमच्या जवळजवळ प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे. देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडप, पालखीचा खर्च ही मंडळं आनंदानं उचलतात. गावच्या शाळेसाठी एका लेखकाच्या वर्षभराच्या फेऱ्या उचलणं त्यांना जड नाही. गणपतीत सगळे गावी असतात तेव्हा त्याच शाळेत मुलांनी वाचून दाखवावं, म्हणजे आपला पैसा कुठे गेला ते देणाऱ्यालाही दिसेल.

शाळांच्या बाजूनं मात्र एक गोष्ट सरकारलाच करावी लागेल आणि तिला पैसा लागत नाही. गोष्टीची पुस्तकं डेडस्टॉकमधून काढा. खडू जसा वापरून संपतो तसंच मुलांचं पुस्तकही वापरून संपतं हे मान्य करा, आणि वर्षाला दहा टक्के पुस्तकं फाटली-हरवली तरी मुख्याध्यापकाला एका शब्दानं विचारलं जाणार नाही असं परिपत्रक काढा. हे परिपत्रक निघालं तर कपाट उघडायला शिक्षक कुणाची वाट पाहणार नाहीत, याची मला खात्री आहे.

वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्याला ‘कवितांचं गाव’ करायचं ठरलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पाडगावकरांच्या नावानं तिथे पर्यटक यावेत, कवितांच्या पाट्या लागाव्यात, जरूर लागाव्यात. पण पहिला तालुका-लेखकही वेंगुर्ल्यातच नेमावा, आणि दुसरा देवगडला, विंदांच्या तालुक्यात. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत दोन तालुक्यांचे आठ लाख मागायचे, वर्षभरानं त्या शाळांतली किती पुस्तकं वापरून जीर्ण झाली ते समितीपुढे ठेवायचं, आणि त्या आधारावर उरलेल्या पंधरा तालुक्यांची मागणी करायची. मागणीचा मसुदा करायला मी आणि आमच्या वाचनालयातली मंडळी तयार आहोत. इतर वाचनालयांच्या कार्यवाहांनीही त्यावर सही करावी.